‘पोळ्याले हिशोब’ : एका धमकीचं मूल्यमापन

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यातलं एक गाव. तिथल्या १६ वर्षांच्या मुलानं श्रावणात व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लिहिलं, ‘पोळ्याले हिशोब होईन’. खाली चाकूचं इमोजी. त्याच आठवड्यात तालुक्याला जाणाऱ्या एसटीत त्यानं शेजारी बसलेल्या मित्राला दप्तरातला खराखुरा चाकू दाखवला. मित्रानं दोन दिवस ते पोटात ठेवलं, मग वर्गशिक्षकांना सांगितलं. वर्गशिक्षकांनी प्राचार्यांना सांगितलं. मुलाला दाखला देऊन मोकळं व्हावं, असं प्राचार्यांचं मत होतं. वर्गशिक्षक म्हणाले, आधी ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकला, म्हणजे किशोरवयीन मुलांच्या सल्ला केंद्राला विचारू. मी तिथे समुपदेशक आहे. पोळा तेव्हा जेमतेम दीड आठवड्यावर आला होता.

मुलाची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लेखापुरतं त्याला सोनू म्हणू.

सोनू अकरावीत. घरी आई, आजी आणि दुसरीतला लहान भाऊ. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी शेतातल्या कोठ्यात (गोठ्यात) कीटकनाशक पिऊन जीव दिला. मागे तीन एकर शेती, सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज. बैलजोडी तेव्हाच विकली गेली. शेजारचं शेत मोठेबाबांचं, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाचं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुना वाद होता. भाऊ हयात असेपर्यंत तो दबून होता, तो गेल्यावर वर आला. यंदा जूनमध्ये पेरणीच्या वेळी मोठेबाबांच्या १९ वर्षांच्या पोरानं धुऱ्यापलीकडे वखर घातला. सोनूची आई आडवी गेली, तिला त्यानं ढकललं. सोनू धावून गेला तर त्याला चिखलात पाडून त्याच्या पाठीवर पाय ठेवला. कुणीतरी मोबाइलवर हे टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर फिरलं. आई ठाण्यात गेली. तिथे एनसी नोंदवली गेली, म्हणजे अदखलपात्र, आणि तिथून पुढे काहीच हललं नाही.

आधी आजचं पाहायचं

धमकी कानावर आली की पहिला प्रश्न आजच्या रात्रीचा असतो. शस्त्र कुठे आहे, ज्याच्यावर राग आहे तो कुठे आहे, दोघं समोरासमोर कधी येणार, मुलगा स्वतःचं काही बरंवाईट करेल का. स्वभाव, संस्कार, मित्रमंडळी हे सगळं नंतर. प्राचार्यांना मी एवढीच विनंती केली की निर्णय होईपर्यंत दाखल्याचा कागद काढू नका. मुलगा कॉलेजात येतो म्हणून दिवसाचे सहा तास तो कुणाच्या तरी नजरेसमोर असतो. दाखला दिला की तो दिवसभर गावात असणार, पानठेल्यावर. चाकू कॉलेजच्या फाटकाबाहेर जाईल, पण चुलतभाऊ राहतो त्या गल्लीत राहीलच.

धमकीचं वजन कसं करायचं याबद्दल अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. व्हर्जिनिया विद्यापीठात डेवी कॉर्नेल यांच्या चमूनं २००१ मध्ये शाळांसाठी जी पद्धत बांधली, तिच्यात धमक्यांचे दोन प्रकार धरतात. एक रागाच्या भरात निघालेली, बोलून, समजूत काढून विरणारी. दुसरी मुरलेली. तिच्यात जागा, वेळ आणि माणूस ठरलेला असतो, ती पुन्हा पुन्हा उच्चारली जाते, कुणाला तरी सोबत घेण्याचा प्रयत्न दिसतो किंवा हत्यार जमवलेलं असतं. सोनूच्या धमकीत दिवस ठरलेला होता, माणूस ठरलेला होता आणि दप्तरात चाकू होता. ही दुसऱ्या प्रकारची होती. ‘पोट्टे असंच बोलतेत’ म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती.

दुसरी गोष्ट मला त्या मित्राबद्दल सांगायची आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं मिळून शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला, त्याचा अहवाल २००२ मध्ये आला. त्यांतल्या ८१ टक्के घटनांमध्ये हल्लेखोराच्या मनात काय आहे हे आधी कुणाला तरी ठाऊक होतं, बहुतेक वेळा बरोबरीच्या मुलांना. त्याच अहवालानं असंही सांगितलं की अशा मुलाचा ठरीव साचा नसतो. ते हल्ले बहुतेक बंदुकांचे होते, आपलं गाव आणि तिथली शाळा यांत फार अंतर आहे. तरी मुलं आधी मुलांनाच सांगतात, हे इथेही खरं आहे. म्हणून वर्गशिक्षकांना मी पहिलं हेच सांगितलं की त्या मित्राचं नाव कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. त्याला ‘चुगलखोर’ ठरवलं तर त्या वर्गातून पुढची बातमी कधीच बाहेर येणार नाही.

घरी आणि गावात

एकट्या मुलाच्या तोंडून मूल्यमापन होत नाही. आई, आजी, वर्गशिक्षक, पोलीस पाटील, आशाताई आणि मोठेबाबांचं घर, सगळ्यांशी बोलावं लागलं.

आई कमी बोलली. तिला धास्ती होती की आपण काही बोललो तर पोराला पोलीस नेतील. आजीनं मात्र सगळं सांगितलं. मुलगा दारू प्यायचा, प्यायला की सुनेला मारायचा, हे तिनं स्वतःच्या मुलाबद्दल स्वतःहून सांगितलं. ‘तवा हा लहाना होता. बापाच्या अन् मायच्या मंदात उभा राहे. बापानं त्याले कदी मारलं नाई, पन पाहिलं त्यानं सारं.’ आठवीत असताना एकदा खेळात भांडण होऊन सोनूनं एका मुलाचं डोकं दगडानं फोडलं होतं. त्याआधी किंवा नंतर मारामारी नाही, चोरी नाही. वडील गेल्यापासून रात्री उशिरापर्यंत जागतो, जेवण कमी झालंय. व्हिडिओ फिरल्यापासून गावातल्या रस्त्यानं जायचं टाळतो, पांदणीनं वळसा घालून बसथांब्यावर येतो.

पोलीस पाटलांकडून एक महत्त्वाचा धागा मिळाला. गेल्या महिन्यापासून सोनू पानठेल्यावर मोठ्या पोरांत बसू लागला होता. खर्रा (तंबाखू-सुपारी) तर होताच, दोनेकदा दारूही झाली होती. ती पोरं त्याला डिवचत होती, ‘मायच्या अंगावर हात टाकला अन् तू पाहत रायला? मर्द हायेस का बे?’ त्यांतल्या दोघांचं चुलतभावाशी वाळूच्या ट्रॅक्टरवरून वाकडं होतं. त्यांच्या भांडणात सोनूचा हात वापरला जाणार होता, हे मला तिथेच स्पष्ट झालं.

मोठेबाबांकडे मी पोलीस पाटलांना घेऊन गेले. धमकीचा तपशील तिथे उघड केला नाही, फक्त दोन घरांतल्या ताणाबद्दल बोलले. चुलतभाऊ घरी होता. त्यानं हसून विचारलं, ‘व्हिडिओ पाहिला का मॅडम तुमी?’ मोठेबाबा मात्र मान खाली घालून बसले होते.

मुलाशी बोलणं

सुरुवातीलाच त्याला सांगितलं की तुझं बोलणं माझ्याजवळ राहील, पण कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल, तुझ्या किंवा दुसऱ्याच्या, तर मी गप्प बसणार नाही आणि काय करते आहे ते आधी तुला सांगेन. ही अट आधी न सांगता मुलाला बोलतं करणं म्हणजे फसवणूक आहे, असं मी मानते.

अर्धा तास तो शेतीबद्दलच बोलला. कपाशीवर मावा आहे, निंदणाला बाया मिळत नाहीत. मग स्वतःहून व्हिडिओवर आला.

‘त्यानं मायच्या अंगावर हात टाकला. मले चिखलात दाबून धरलं. आता एसटीत बी पोट्टे तोच व्हिडिओ लावतेत, आवाज मोठा करून.’

‘पोळ्याचाच दिवस का?’

‘पोळ्याले सारं गाव तोरनाखाली राह्यते. त्यायची जोडी मानाची, सगळ्यायच्या म्होरं. सारं गाव पाहीन ना.’

गावानं त्याला चिखलात पाहिलं होतं. त्याच गावासमोर त्याला ते पुसायचं होतं. विदर्भातला पोळा ज्यांना माहीत आहे त्यांना यातली धग समजेल. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी सजवलेल्या जोड्या तोरणाखाली रांगेत, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, आणि मानाची जोडी सगळ्यांत पुढे. ज्याच्या दावणीला बैल नाही तो त्या दिवशी कडेला उभा राहतो. सोनूचं घर गेली दोन वर्षं कडेला उभं होतं.

मी पुढे विचारत गेले. चाकू कुठून आणला? यात्रेत घेतला, वडील गेले त्याच वर्षी, ‘असाच’. म्हणजे चाकू या भांडणासाठी घेतलेला नव्हता, पण दप्तरात गेला तो या भांडणामुळे. नेमकं काय करायचं ठरवलंय? ‘भेव दाखवाचा. तो अंगावर आला तं मंग मारीन.’ तो अंगावर येणार नाही असं वाटतं का? बराच वेळ गप्प. मग, ‘येईनच तो.’ मारलं तर पुढे? ‘जेल होईन. होऊ दे.’

इथे मी नेहमी एक प्रश्न विचारते, ठरवलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवसाचा. ज्याच्या मनात दुसरा दिवस उरलेलाच नाही त्याची काळजी जास्त. सोनू पटकन म्हणाला, ‘दुसऱ्या दिवशी तं तान्हा पोळा हाये. लहान्याच्या बैलाले चाकं बसवाची हायेत.’ तान्हा पोळा म्हणजे लहान मुलांचा, लाकडी बैलांचा पोळा. भावाकडे वडिलांनी करून दिलेला लाकडी नंदी होता, त्याची दोन चाकं निखळली होती. ती बसवून रंग द्यायचं त्यानं भावाला कबूल केलं होतं. एका बाजूला ‘जेल होईन’ आणि दुसऱ्या बाजूला चाकं. दोन्ही वाक्यं मी टिपून ठेवली, कारण दोन्ही खरी होती.

मग मरणाबद्दल थेट विचारलं. असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेक मुलं सुटल्यासारखी बोलतात. सोनू म्हणाला, ‘कवा कवा वाटते. कोठ्यात बाबाची बाटली जिथं होती, तिथंच आता दुसऱ्या फवारनीच्या ठेवल्या हायेत. मायनंच ठेवल्या. दुसरी जागाच नाई.’

दुसऱ्याला मारण्याचा आणि स्वतः मरण्याचा विचार अनेकदा एकाच मनात शेजारी शेजारी असतात. हिंसेचा धोका तपासताना आत्महत्येचा तपासला नाही तर काम अर्धं राहतं. आमच्या भागात तर हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत.

घटकांची यादी आणि तिचा वापर

किशोरवयीन मुलांमधल्या हिंसेच्या धोक्यासाठी ‘सॅव्हरी’ नावाचा आराखडा जगभर वापरात आहे. बोरम, बार्टेल आणि फोर्थ यांनी तो १२ ते १८ वयोगटासाठी तयार केला. त्यात धोका वाढवणारे २४ घटक आहेत. १० पूर्वेतिहासाचे, ६ सामाजिक परिस्थितीचे, ८ मुलाच्या स्वतःच्या वागण्या-विचारांचे. शिवाय ६ घटक संरक्षक. या आराखड्यात बेरीज करून गुण काढायचे नसतात. सगळे घटक पाहून जाणकारानं धोका कमी, मध्यम की जास्त हे ठरवायचं असतं आणि ते का हे लिहायचं असतं. हा आराखडा उत्तर अमेरिकेतल्या मुलांवरच्या संशोधनातून आला आहे, म्हणून मी तो काही विसरू नये यासाठीची यादी म्हणून वापरते.

पूर्वेतिहासात सोनूची नोंद हलकी होती. हिंसेची एकच घटना, तीही तेराव्या वर्षी. घरातली मारझोड पाहिलेली, वडिलांचं अकाली जाणं, हे दोन घटक जड. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेला फरक इथे उपयोगी पडतो. काही मुलांचं आक्रमक वागणं बालपणापासून सुरू होऊन टिकून राहतं. बऱ्याच जास्त मुलांचं ते किशोरवयात उगवतं आणि त्याच वयाबरोबर सरतं. सोनू पहिल्या गटातला दिसत नव्हता.

सामाजिक बाजू मात्र भरलेली होती. पानठेल्यावरची संगत, बरोबरीच्या मुलांची टिंगल, सततचा ताण, आधाराला मोठा माणूस नाही, कर्जाखाली दबलेली आई. वैयक्तिक बाजूला राग आवरण्याची अडचण आणि नुकतीच सुरू झालेली दारू. निर्दयपणा नव्हता. आठवीत डोकं फुटलेल्या मुलाला भेटायला तो स्वतःहून गेला होता, हे त्या मुलाच्या आईकडून कळलं. संरक्षक बाजूला लहान भाऊ, आजी, दुसऱ्या तालुक्यातला मामा, कॉलेजची ओढ (एक दिवस न चुकवता पास काढून जातो) आणि वर्गशिक्षकांवरचा विश्वास. सहांपैकी निदान तीन घटक ठाम होते.

या यादीतल्या एका घटकाबद्दल थांबून बोलते, कारण इथे त्याचा गैरवापर मी होताना पाहते. ‘पालकांची गुन्हेगारी’ असा एक घटक आहे. सोनूच्या बाबतीत तो लागू नव्हता. पण आमच्याच भागात फासेपारधी बेड्यावरची, म्हणजे वस्तीवरची मुलं आहेत. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून पुसला, गावांच्या आणि ठाण्यांच्या मनातून पुसला गेला नाही. बेड्यावरच्या बापाच्या नावे ठाण्यात नोंदी असतात, कारण परिसरात काही घडलं की पहिली उचल तिथूनच होते. अशा नोंदी पाहून मुलाच्या रकान्यात ‘जास्त’ लिहिलं तर आपण मुलाचं मूल्यमापन केलेलं नसतं, ठाण्याच्या सवयीचं केलेलं असतं. जात मी अहवालात लिहीत नाही. ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’ हे शब्दही लिहीत नाही. कुणी त्यांची मागणी केली तरी.

शिक्का किती सहज चुकीचा बसतो याचं साधं गणित करून पाहा. समजा १००० मुलांपैकी १० जण पुढे गंभीर हिंसा करणार आहेत. समजा आपली तपासणी इतकी चांगली आहे की १० पैकी ८ जणांना ओळखते आणि उरलेल्या ९९० पैकी फक्त २० टक्क्यांना चुकून धोकादायक ठरवते. ते २० टक्के म्हणजे १९८ मुलं. एकूण २०६ मुलांवर बोट ठेवलं गेलं, त्यांतली खरी ८. शंभरातली चार. उरलेल्या शहाण्णवांच्या हातात दाखला देऊन त्यांना पानठेल्यावर पाठवायचं का?

आणखी एक गल्लत होते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १५ मध्ये ‘प्राथमिक मूल्यमापन’ आहे. ते १६ ते १८ वयाच्या मुलावर क्रूर अपराधाचा आरोप असेल तेव्हा बाल न्याय मंडळ करतं. अपराध करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती एवढंच त्यात पाहायचं असतं. पुढे काय घडेल याचं भाकीत तिथे अपेक्षित नाही. इथे तर अपराध घडलेलाच नव्हता. आमचं काम तो घडू नये हे होतं.

मी काय लिहिलं

अहवालात दोन निष्कर्ष वेगळे लिहिले. पहिला, येत्या वर्षभरात एकूण हिंसेचा धोका मध्यमाच्या खालच्या बाजूला. दुसरा, पोळ्याच्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत, तोरणाच्या परिसरात, चुलतभावासोबत गंभीर हिंसेचा धोका जास्त. दारू, पानठेल्यावरची पोरं आणि चुलतभावाचं एखादं वाक्य, या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या तर तो फार जास्त. आत्महत्येचा विचार आहे, ठरवलेला बेत नाही, पण साधन हाताशी आहे.

मुलगा कसा आहे एवढंच लिहिलं असतं तर ‘मध्यम’ असा एक शब्द पडला असता आणि फाइल कपाटात गेली असती. कोणासोबत, कुठे, कधी, कशानं वाढेल आणि कशानं उतरेल हे लिहिलं की कामं दिसू लागतात. धोक्याचं मूल्यमापन याच्यासाठीच करायचं असतं. मोकळ्या ‘जास्त-कमी’नं आजवर एकही मूल वाचलेलं मी पाहिलेलं नाही.

आखणी

चाकू सोनूनं मामाच्या हाती दिला, पोलीस पाटलांसमोर. पोलिसांनी घरी येऊन झडती घेतली असती तर गावात दुसरा तमाशा झाला असता. स्वतःच्या हातानं देणं त्याला जमलं, कारण मामानं त्याला एक शब्दही न विचारता हात पुढे केला.

फवारणीच्या बाटल्या कोठ्यातून हलवल्या. शेजारच्या आजोबांच्या कुलुपाच्या पेटीत ठेवल्या, किल्ली आजोबांकडे. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच काढायचं. टोकाची घालमेल अनेकदा काही वेळानं ओसरते आणि तेवढ्या वेळात साधन हाताला लागलं नाही तर जीव वाचतो. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकातल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये घातला आणि तिथूनच एकदा लावून दाखवला.

व्हिडिओसाठी वर्गशिक्षकांनी कष्ट घेतले. एसटीतून येणाऱ्या मुलांना एकेकटं गाठून समोर डिलीट करायला लावला. गावाच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला पोलीस पाटलांनी सांगितलं. सगळीकडून तो गेला असं मी म्हणणार नाही, पण बसमध्ये वाजायचा बंद झाला.

धुऱ्याचा प्रश्न समुपदेशनानं सुटत नाही. तिथे मोजणी हवी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा तर आधी सातबाऱ्यावर आईचं आणि मुलांचं नाव हवं, आणि दोन वर्षांत वारस फेरफारच झालेला नव्हता. तलाठ्यांकडे त्याचा अर्ज त्या आठवड्यात गेला. सोबत बालसंगोपन योजनेचे दोन्ही मुलांचे अर्ज. दरमहा २२५० रुपये एका मुलाला, म्हणजे अशा घरात सावकाराकडचा एक फेरा टळतो. समुपदेशकानं तलाठ्याच्या दारात कशाला जायचं, असं मला विचारलं गेलं. धोका धुऱ्यावर उगवलेला असताना दुसरीकडे कुठे जायचं?

पोळ्याच्या दिवसाबद्दल खूप चर्चा झाली. पोलीस पाटलांचं म्हणणं, दोन दिवस मामाच्या गावाला पाठवा. सोपा आणि सुरक्षित उपाय. आई तयार होती. सोनू एकच वाक्य म्हणाला, ‘मंग सारे म्हनतीन पयाला.’ त्यात तथ्य होतं. अपमानातून उठलेला राग आणखी एक अपमान करून शमत नाही. दुसरीकडे, त्याला तोरणाखाली उभं करणं म्हणजे ज्या जागेचा धोका मी स्वतः ‘जास्त’ लिहिला तिथेच त्याला नेणं. मी रात्रभर या दोन्ही बाजू तोलत होते.

मार्ग शेजारच्या आजोबांनी काढला. त्यांचा मुलगा पुण्यात कामाला, पोळ्याला येणार नव्हता. ते म्हणाले, ‘माह्या जोडीचा कासरा धरीन हा. मले आता बैल आवरत नाई.’ ठरलं असं. त्यांची जोडी रांगेच्या शेवटच्या टोकाला, मानाच्या जोडीपासून लांब. मामा आदल्या दिवशीच मुक्कामी येणार आणि खांदेमळणीपासून सोबत. तोरण तुटलं की जोडी थेट आजोबांच्या दारी, तिथून घरी. पानठेल्याच्या रस्त्यानं जायचं नाही. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी मोठेबाबांशी बोलायचं आणि त्यांनी पोराला त्या दिवशी दारूपासून दूर ठेवायचं. बीट जमादार तोरणाजवळ. आणि सोनूसोबत एक खूण ठरवली. डोकं तापू लागलं की मामाला ‘बैलाले पानी पाजून आनतो’ म्हणायचं, मामानं काही न विचारता सोबत निघायचं. चारचौघांत ‘मला राग येतोय’ असं १६ वर्षांचा पोरगा म्हणणार नाही.

पोळा

मी त्या दिवशी गावात नव्हते, मामाच्या फोनवर होते. जोड्या उभ्या राहिल्या, झडत्या झाल्या. तोरण तुटल्यावर चुलतभाऊ रांगेच्या मागच्या बाजूला आला आणि आजोबांच्या जोडीकडे पाहून म्हणाला, ‘दुसऱ्याच्या बैलावर मिरवतं का बे?’ आजूबाजूची दोन-तीन पोरं हसली. सोनूनं कासरा हाताला दोन वेढे घालून आवळला. मामा सांगत होता की पोराची बोटं पांढरी पडली होती. मग तो म्हणाला, ‘मामा, बैलाले पानी पाजून आनू.’ दोघं जोडी घेऊन निघाले. मोठेबाबांनी पुढे होऊन स्वतःच्या पोराला दंडाला धरून बाजूला नेलं. सगळ्या गावासमोर. सोनूनं ते वळून पाहिलं होतं, हे त्यानं मला पुढच्या भेटीत सांगितलं.

रात्री पानठेल्यावरच्या पोरांचे फोन येत राहिले. मोबाइल मामाकडे होता.

दुसऱ्या दिवशी नंदीला चाकं बसली. भावाला तान्ह्या पोळ्यात बक्षीस मिळालं नाही म्हणून तो रडला, अशी बातमी आजीनं दिली.

अजून उघडं असलेलं

मूल्यमापनाला मुदत असते. पोळ्यापूर्वीचा अहवाल पोळ्यानंतर जुना झाला, म्हणून तो नव्यानं केला. परिस्थितीचा धोका ‘जास्त’वरून ‘मध्यम’वर आणला. आत्महत्येचा विचार कमी झाल्याचं सोनू सांगतो, झोप सुधारली आहे, डॉक्टरांच्या भेटी चालू आहेत. दारू पुन्हा घेतली नाही असं तो म्हणतो आणि आजी दुजोरा देते. खर्रा सुटलेला नाही. प्राचार्यांनी दाखल्याचा विषय सोडला आहे.

फेरफार मंजूर झाला. मोजणीचा अर्ज दाखल आहे, तारीख यायची आहे. मोजणीचा दिवस हा पोळ्याइतकाच जोखमीचा दिवस असणार आहे, कारण दोन्ही घरं पुन्हा त्याच धुऱ्यावर उभी राहतील आणि निकाल कुणाच्या तरी विरोधात जाईल. सोनूच्या घराच्या विरोधातही जाऊ शकतो, हे मी त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे. त्या दिवसासाठी मामा, पोलीस पाटील आणि वर्गशिक्षक यांची बैठक आधी घ्यायची आहे. मोजणी लांबली तर ती बैठक मे महिन्यात, पेरणीची वखरणी सुरू व्हायच्या आत.

या सगळ्यात एका माणसाबद्दल कुणी मला काही विचारलं नाही. १९ वर्षांच्या त्या चुलतभावाबद्दल. एका बाईला त्यानं ढकललं, पोराला चिखलात दाबलं, वाळूच्या ट्रॅक्टरवरून त्याची भांडणं चालू आहेत, आणि पोळ्याला डिवचायलाही तोच आला. यादी हातात घेऊन बसलं तर सोनूपेक्षा त्याचे रकाने जड भरतील. त्यानं कुठे लिहून धमकी दिली नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. १९ वर्षांचा असल्यानं बाल न्याय कायदा त्याला लागू होत नाही. पण मैत्री क्लिनिकचं दार १० ते १९ वयासाठी आहे, म्हणजे आमच्याकडे थोडे महिने आहेत. मोठेबाबांना मी निरोप पाठवला. ते एकटेच आले, बराच वेळ बसले आणि म्हणाले, ‘पोरगं येनार नाई मॅडम. पन मी आनतो.’ त्यांना पुढच्या बुधवारची वेळ दिली आहे.